खुर्सीपारच्या बूथवरचं एक मत

राज्य नवं झालं, त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत सरकारनं मला पीठासीन अधिकारी, म्हणजे बूथचा प्रमुख, केलं. ही सरकारची चूक. यापुढे ज्या सांगणार आहे त्या सगळ्या माझ्या.

मी तेव्हा दुर्गकडच्या एका प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क. मीही प्लांटमध्ये लागावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण भरतीच्या परीक्षेत मी बाकीच्या उत्तरांसारखाच रोल नंबरही शेजाऱ्याचा पाहून लिहिला. शेजारी लागला. मी मास्तर झालो.

तर इलेक्शन ड्यूटी. बूथ खुर्सीपारच्या सरकारी शाळेत, दुसरीच्या वर्गात. पहाटे साडेपाचला थंडीनं दात वाजत होते आणि समोर निरनिराळ्या पक्षांचे एजंट मफलर गुंडाळून बसले होते. मतदान सुरू होण्याआधी एजंटांसमोर मशीनवर खोटं-खोटं मतदान करून दाखवायचं असतं. सगळ्या बटणांवर थोडी थोडी मतं टाकायची, मोजून दाखवायची, मग ती पुसून मशीन कोरी करायची आणि सील लावायचं. मी मतं टाकली, मोजली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, लाख वितळवली. आता सील लावणार, इतक्यात कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला, वर्गातला मुलगा करतो तसा.

"साहेब, भांडं घासलं काय?"

"कोणतं भांडं?"

"मशीन. कालचा भात तसाच ठिवून आजची डाळ टाकून राहिले तुमी."

मी पुसायचं बटण दाबलंच नव्हतं. बाकीचे एजंट जांभया देत होते. त्यांना पत्ताही नव्हता. तसंच सील लागलं असतं तर संध्याकाळी हिशेब जुळला नसता, मतदान रद्द, मी सस्पेंड. घाईघाईनं बटण दाबताना बोटावर लाख सांडली. मी ओरडलो. ते म्हणाले, "पयले हे बोट वाचवा साहेब, यालेच शाई लागते."

हे आमचे काकाजी. भंडाऱ्याकडचे. उभा जन्म प्लांटच्या कोक ओव्हन भट्टीवर काढून नुकतेच रिटायर झालेले, क्वार्टर सोडून खुर्सीपारच्या दोन खोल्यांत राहायला आलेले. लाल झेंड्याचे एजंट.

पुढे माझी बदली नेमकी त्याच शाळेत झाली आणि मी त्यांच्याच गल्लीत भाड्यानं घर घेतलं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायचो. माझे उलटेसुलटे पराक्रम ऐकायला गल्लीतले लोक जमायचे. लोक पांगले की काकाजी बोलायला लागत. या मतदारसंघाचा इतिहास मला पुस्तकात कुठे मिळाला नाही, त्या ओट्यावर मिळाला.

त्यांच्या तरुणपणी इथे मध्य प्रदेश होता आणि गल्ली लाल होती. उमेदवार पायी यायचा, शिफ्ट सुटताना गेटवर उभा राहायचा, ज्याच्या डब्यात काय असेल ते खायचा. "एका इलेक्शनीत तर आमचा मानूस जितता जितता रायला," असं काकाजी सांगत, आणि ते सांगताना त्यांचा हात दर वेळी गुडघ्यावर आपटत असे, जणू निकाल आत्ताच लागला. मग बापाच्या नोकऱ्या पक्क्या राहिल्या आणि पोरं ठेकेदाराकडे लागली. ठेक्यावरच्या पोराला युनियनचं कार्ड कोण देणार? दिलं तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेट पास देईना. घराघरांवरचे झेंडे बदलत गेले. मग मतदारसंघाची नवी आखणी झाली. नाल्याच्या अलीकडचे एकात, पलीकडचे दुसऱ्यात. अर्धी माणसं अशी एका रेघेनं गेली.

आमच्या बूथवर लाल झेंड्याची मतं आधी शेकड्यानं असत. मग दोन आकडी झाली. मग हाताच्या बोटांवर आली. आणि एका निवडणुकीत मोजणीहून आलेल्या पोरांनी पानठेल्यावर बूथचा आकडा वाचला: एक.

त्या दिवशी गल्लीत जो हशा झाला तो काकाजींपेक्षा काकूंवर जास्त झाला. कारण घरात मतदार दोन होते.

"हाव, मंग?" काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मले गॅस पायजे होता. तुमच्या झेंड्यावर पोळी भाजू काय?"

काकाजी म्हणाले, "मत गुप्त असते. मी इचारलं नाई, तू सांगू नको."

"मोजून घेतलं ना साऱ्या गल्लीनं! आता काय गुप्त रायलं?"

तेव्हापासून ते एक मत काकाजींचं, हे सगळ्या खुर्सीपारला ठाऊक झालं. पोरं चिडवायची, "बाबूजी, इस बार नोटा को टक्कर देंगे क्या?" ते हसायचे. पण मी पाहिलंय, निकालाच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून पानठेल्यावर यायचे आणि बूथचा आकडा वाचून होईपर्यंत उभे राहायचे. 'एक' ऐकला की मान हलवायचे आणि घरी जायचे. माणूस हजेरीला जातो, तसं.

आता माझी चूक.

मी बीएलओ झालो होतो, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणारा. घरोघर जाऊन बघायचं, कोण नवीन आलं, कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं. घरोघर जायचं असतं हे मला माहीत होतं. पण पानठेल्यावर बसून विचारलं तर सगळी गल्ली तिथेच येते, असा माझा शोध होता.

काकूंना पोटात गाठ निघाली. मुलगा नागपूरला होता, तिथे दवाखान्यात न्यायचं ठरलं. निघताना काकाजी ऑटो थांबवून माझ्या दारात आले.

"मास्तर, दोन मयने जाऊन राहिलो. माह्या घराकडं पाह्यशीन."

"हाव, हाव," मी म्हणालो.

इथे आमच्या मराठी लोकांबद्दल एक सांगायला हवं. भिलाईतला मराठी माणूस नोकरीला लागला त्या दिवसापासून नागपूरला परत जायच्या गोष्टी करतो. प्लॉट तिकडे घेतो, पोरीला स्थळ तिकडचं पाहतो. आणि जायची वेळ आली की लाजेखातर म्हणतो, दोन महिने जाऊन येतो. माझे वडीलही असेच गेले. "येऊन-जाऊन असतो मी," म्हणाले. नागपूरच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभे राहून ते शेजाऱ्यांना भिलाईच्या सेक्टरांचे रस्ते समजावून सांगत, आणि शेजारी त्यांना टाळत. ते आले नाहीत परत. कोणीच येत नाही. म्हणून काकाजींनी 'दोन महिने' म्हटलं तेव्हा मला वाटलं, चला, हाही गेला. मी जाणार नाही, माझं मत इथं आहे, असं तेच मला शंभर वेळा सांगत आले होते. आणि मी शंभर वेळा ते म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून ऐकलं होतं.

पडताळणी आली. घराला कुलूप. मी तीनदा गेलो असं रजिस्टरमध्ये लिहिलं, गेलो एकदा. नोटीस दाराखालून सरकवली. माझ्याच हातानं, कुलूप लावलेल्या घरात. आणि रकान्यात लिहिलं: स्थानांतरित. दोन्ही नावांपुढे.

काकू नागपूरला वारल्या. तेरावं झालं आणि काकाजी परत आले.

मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी पिशवी घेऊन चालत येताना पाहिलं. अंतिम यादी छापायला गेली होती, तरी नवीन नावं घालायला अजून थोडे दिवस होते. खरं सांगितलं असतं आणि फॉर्म भरला असता तर निभावलं असतं. पण बायकोला पोचवून आलेल्या माणसाला काय सांगू, की काकाजी, तुम्हालाही मी काढलं? शिवाय मला सरकारवर भरवसा होता. सरकारी कागद हलायला वर्षं लागतात, माझाही कुठेतरी पडून असेल, असं मी मनाला समजावलं. आयुष्यात त्या एकाच कागदाच्या बाबतीत ऑफिसनं तत्परता दाखवली.

त्या दिवसांत एकदा ओट्यावर ते आपणहून बोलले.

"तुही काकू दवाखान्यात मले म्हने, या टायमाले तुमच्यालेच देईन. एकाचे दोन करू म्हने. मी म्हनलं, गॅस कोन देईन मंग? हासली. हासता येत नव्हतं तिले, तरी हासली."

फॉर्म भरायला दिवस होते अजून. तरी बोललो नाही.

मतदानाच्या दिवशी बीएलओनं शाळेच्या फाटकाबाहेर टेबल टाकून मतदारांच्या चिठ्ठ्या वाटत बसायचं असतं. पहाटे ते आले, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात एजंटाचा कागद. "चिठ्ठी दिली नाई तुनं माही?" एवढंच म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता आत गेले. त्यांना चिठ्ठीची गरजच काय? मी उठून चहाच्या ठेल्यामागे गेलो. होय, लपलो. चाळिशी कधीच ओलांडलेला, पोट सुटलेला मास्तर, केटलीच्या आड.

दुसरीच्या वर्गाची खिडकी ठेल्याकडेच उघडते, तिथून आतलं ऐकू येत होतं. अधिकारी एक तरुण मुलगी होती, बोलायला चांगली होती.

"बाबूजी, एजेंट को इसी लिस्ट का वोटर होना पड़ता है। आपका नाम कट गया है।"

"कैसे कटेगा बेटी? मैं तो यहीं हूँ।"

तिनं यादीचं पान वळवून दाखवलं असावं. मग ते बाहेर आले आणि माझ्या रिकाम्या टेबलाशी, माझ्याच खुर्चीवर बसले, माझ्याकडची यादी उघडून. मला यावंच लागलं.

"मास्तर, माह्या तोंडावर काय छापलं रे हे?"

यादीत कापलेल्या नावावर आडवा शिक्का असतो, विलोपित. तो फोटोवरून जातो. त्यांच्या फोटोवर तो बरोबर नाकावरून गेला होता. खालच्या चौकटीत काकूंचा फोटो, तोच शिक्का.

"तिचं कटलं ते बराबर हाय," ते म्हणाले. "माह्यं कावून कटलं?"

"ऑफिसातून... कॉम्प्युटरमध्ये काहीतरी..."

"तुले मालूम नोयतं?"

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, टेबलाला हात टेकून. मतदारांची रांग लागायला लागली होती. ते रांगेच्या कडेकडेनं गेले, एकेकाला वाट देत.

दुपारी मी आत गेलो, माझं मत द्यायला. बटणांसमोर उभा राहिलो आणि मला वाटलं, आपण किती हुशार! त्यांचं एक मत गेलं ना? मी देतो. लाल झेंड्यापुढचं बटण दाबलं. शिटी वाजली. बाहेर आलो तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की पंधरा रुपयांचा स्पेशल चहा प्यालो. मी चुका करून कधी इतका खूश झालो नाही, जितका ही चूक करून झालो.

मोजणी झाली. पोरं आली. पानठेल्यावर काकाजी उभे होते, तोच सदरा घालून. बूथचे आकडे वाचले जाऊ लागले.

"लाल झंडा... एक!"

मग कोणाला तरी सुचलं.

"अरे बाबूजी, आपका तो नाम कटा था! तो ये एक किसका?"

"मतलब इतने साल से वो एक भी बाबूजी का नहीं था!"

"बाबूजी, सच बताओ, गॅस के लिए डालते थे क्या आप भी?"

हशा. वाईट हेतूनं नव्हता. तीच पोरं त्यांच्या पाया पडायची दिवाळीला. पण मी काकाजींचा चेहरा पाहत होतो आणि मला तेव्हा कळलं, मी काय करून बसलो ते. ते शून्य ऐकायला आले होते. नाव कापलं गेलं तर गेलं. पण शून्य आलं असतं तर साऱ्या गल्लीला दिसलं असतं की एवढी वर्षं तो एक म्हणजे हाच माणूस होता. त्यांच्याजवळ तेवढाच पुरावा उरला होता. तो मी बटण दाबून खाल्ला.

मी त्यांच्या मागे घरापर्यंत गेलो. दार लोटलेलं होतं. खाटेवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: रकाना, नोटीस, ऑफिसवर ढकललेलं, आणि ते मत.

त्यांनी नावाचं ऐकून घेतलं. मताचं ऐकलं तेव्हा मात्र ताडकन उठले.

"तुवा टाकलं?"

"तुमच्या बदल्यात."

"माह्या बदल्यात!" मी त्यांना इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. "मी मेलो होतो काय? अन् तुह्यं मत कोनं टाकलं मंग? तुले जो पटते त्याले द्यायचं होतं ना बे! लाल झेंडा पटते तुले?"

खरं सांगतो, पटत नव्हता. मी कधीच त्याला मत दिलं नव्हतं. मान खाली घातली.

"लोकायले सांग," ते बसत म्हणाले. "जे मले सांगतलं ते ठेल्यावर सांग."

नोकरी जाईल अशी भीती होती. दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. ठेल्यावर गर्दी होती, काकाजी दुधाची पिशवी घेऊन पलीकडे उभे होते. मी घसा खाकरला आणि सांगितलं. नाव मी कापलं. न जाता कापलं. आणि ते एक मत माझं होतं, काकाजींचं म्हणून टाकलेलं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग पानवाल्यानं कातानं माखलेला हात मांडीवर आपटला.

"सर! मतलब आप अपना वोट भी ग़लत बटन पे दबा आए!"

बस. ठेला फुटला. कोणी माझ्या पाठीवर थाप मारली, कोणी म्हणालं सर, रोल नंबर वाला किस्सा फिर से सुनाओ. मी "अरे नाही, खरंच, ऐका तरी" म्हणत राहिलो, आणि जितकं म्हणत राहिलो तितकं ते डोळ्यांतलं पाणी पुसत हसत राहिले. वर्षानुवर्षं मी याच ठेल्यावर माझी फजिती विकली होती. लोकांना सवय मी लावली होती.

काकाजी जवळ आले. माझ्या दंडाला धरून बाजूला नेलं.

"राहू दे मास्तर. तुवा सांगतलं, मी आयकलं. त्यायले कायचं खरं वाटते?"

पुढच्या आठवड्यात मी नवीन नाव नोंदवायचा फॉर्म घेऊन गेलो. तोच फॉर्म, जो अठरा वर्षांची पोरं भरतात. मी सगळं भरून नेलं होतं, फक्त सही हवी होती. त्यांनी मला खालचा मजकूर वाचायला लावला. मी वाचला: मी या पत्त्यावर राहणारा आहे, असं घोषित करतो.

"हे लिवून द्यावं लागते?"

"नियम आहे काकाजी."

"इथं राह्यतो म्हून?" त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथून प्लांटच्या चिमण्या दिसतात. "ठिवून जाय. पाह्यतो."

सही त्यांनी केली नाही. पौषात मुलगा येऊन घेऊन गेला. या वेळी त्यांनी दोन महिने वगैरे काही म्हटलं नाही. मी दुर्ग स्टेशनवर पोचवायला गेलो, त्यांची बॅग उचलली आणि चुकीच्या डब्यात चढवली, सवय. ते हसले. गाडी हलताना खिडकीतून म्हणाले, "पोरायले शिकव नीट."

फाल्गुनात मुलाचा फोन आला. झोपेतच गेले, त्रास झाला नाही म्हणाला.

त्याच उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक झाली. मी टेबल टाकून बसलो, चिठ्ठ्या वाटल्या. दुपारी आत गेलो. लाल झेंडा यादीत होता. माझं बोट तिकडे गेलंही. मग मला जो पटत होता त्याला मत दिलं. कोणाला ते सांगत नाही. मत गुप्त असतं.

निकालाच्या दिवशी ठेल्यावर गेलो. आकडे वाचले गेले. लाल झेंडा, शून्य. वाचणाऱ्या पोरानं पुढच्या ओळीवर बोट नेलंही होतं. मी म्हटलं, "थांब. ते परत वाच."

"शून्य, सर," तो म्हणाला. "क्यों?"